हॉस्पिटलांच्या सायबर जोखमीची तुलना

कोणत्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर हल्ला व्हायची शक्यता जास्त, आणि झालाच तर कुठल्या पेशंटचे जास्त हाल होतील, हे एकाच मापाने मोजायचं याला सायबर जोखमीची तुलना म्हणतात. व्याख्या सोपी आहे, गोची मापात आहे.

नाशिकचंच बघा ना. त्र्यंबक रोडचं सिव्हिल, महापालिकेचं कथड्यातलं झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचं बिटको, मुंबई नाक्याकडची मल्टिस्पेशालिटी, आणि गल्लोगल्ली दहा-वीस बेडची नर्सिंग होम, यांना एका तराजूत कसं घालणार? लोक सरळ किती वेळा हल्ला झाला ते मोजतात. पण थर्मामीटरच नाही त्या घरात ताप कुणालाच नसतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे घटना 6 तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे सिस्टीमवर काय काय घडलं त्याच्या नोंदी, 180 दिवस ठेवायचे, म्हणजे जो हे इमानदारीने करतो त्याचंच रेकॉर्ड कागदावर खराब दिसतं.

दुसरं माप सीव्हीएसएस, म्हणजे त्रुटी किती गंभीर याचे 0 ते 10 गुण. हा स्कोर त्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा, हॉस्पिटलचा नव्हे. तीच त्रुटी कॅन्टीनच्या बिलिंग पीसीवर असली तर चहाचं बिल अडेल, सीटी स्कॅनच्या जुन्या विंडोजवर असली तर अपघाताचा पेशंट अडेल.

लागण होणं आणि बंद पडणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हे फाइली लॉक करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तेव्हा इंग्लंडमधल्या 236 ट्रस्टपैकी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संस्थांपैकी, निदान 80 ना फटका बसला, त्यात प्रत्यक्ष लागण 34 ना, बाकीच्यांना लागण नसतानाही कामाचा खोळंबा झालाच. आणि ती त्रुटी बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता! दिल्लीच्या एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 ला पाच सर्व्हर गेले, साधारण 1.3 टेराबाइट डेटा लॉक झाला, कारण नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, आणि पुढे बरेच दिवस ओपीडी हाताने लिहून चालली. म्हणून बेड किती यापेक्षा आग किती खोल्यांत पसरेल हे आधी बघावं.

छोट्यांचं गणित आणखी फसवं. एका नर्सिंग होममध्ये मी स्वतः बघितलंय, रिसेप्शनच्या मॉनिटरवर पासवर्डची पिवळी चिठ्ठी, आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच सीपीयूला वर्षभर खोचलेला, म्हणजे रॅन्समवेअर आलं की मूळ डेटा आणि बॅकअप एकदमच लॉक. वर सॉफ्टवेअरवाला एनीडेस्कवरून, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायच्या अ‍ॅपवरून, येतो, त्याची अशी वीस-पंचवीस गिऱ्हाइकं आणि सगळीकडे पासवर्ड एकच. कागदावर ही पंचवीस वेगळी हॉस्पिटलं, प्रत्येकाची जोखीम बारीक, पण कुलूप एकच असल्यामुळे जातील तर सगळी एकाच रात्री जातील. साखळी हॉस्पिटलांचंही तेच होतं, फक्त तिथे निदान एक आयटीवाला पगारावर असतो.

माझ्या मते सगळ्यात कामाचं माप म्हणजे नाइट ड्यूटीला तासभर सिस्टीम मुद्दाम बंद करून बघणं. आयसीयूतल्या पेशंटला शेवटचा डोस कधी दिला हे सिस्टर कशावरून सांगते, लॅबचा रिपोर्ट वॉर्डात कोण पोचवतो, आणि छापील केसपेपरचा गठ्ठा ज्या कपाटात आहे त्याची चावी त्या वेळी कुणाकडे असते.