आरोळी नॉर्मंडीची, हसू इंग्लंडचे: इंग्रजी-फ्रेंच शब्दांची पार्श्वभूमी

इ.स. 1066 मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले, तेव्हा तिथल्या लोकांना ओरडण्यासाठी शब्दांची वाण नव्हती. ‘येल’ आणि ‘रोर’ यांची पूर्वरूपे जुन्या इंग्रजीत होतीच. रडण्यासाठी ‘वीप’ आणि हसण्यासाठी ‘लाफ’ यांचीही होती. तरीही पुढच्या दोन-तीन शतकांत फ्रेंच ‘क्रिए’ (ओरडणे) या क्रियापदापासून आलेला ‘क्राय’ हा शब्द इंग्रजीत असा रुजला, की आज तो परका वाटत नाही. हसण्याच्या बाबतीत मात्र असे काही घडले नाही. या फरकाचे मूळ, माझ्या मते, न्यायालयात आणि चव्हाट्यावर शोधावे लागते. आरोळी ही कायद्याने दखल घेण्याची गोष्ट होती आणि कायद्याची भाषा नॉर्मन लोकांची फ्रेंच होती. हसण्याशी राजसत्तेला काही कर्तव्य नव्हते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे ‘ह्यू अँड क्राय’ हा शब्दप्रयोग. यातले दोन्ही शब्द फ्रेंच वळणाचे आहेत. गुन्हा घडताना पाहणाऱ्याने मोठ्याने आरोळी ठोकायची, ती ऐकणाऱ्या प्रत्येकाने हातातले काम टाकून गुन्हेगाराचा पाठलाग करायचा आणि तो दुसऱ्या गावाच्या हद्दीत शिरला तर तिथल्या लोकांनी पाठलाग पुढे चालवायचा, अशी ती पद्धत होती. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या काळात, 1285 मध्ये, विंचेस्टरच्या कायद्याने तिला नेमके रूप दिले. आरोळी ऐकूनही घरात बसून राहणारा दंडास पात्र ठरे आणि विनाकारण आरोळी ठोकणाराही सुटत नसे. पगारी पोलीस नसलेल्या समाजात माणसाचा आवाज हेच संरक्षणाचे साधन होते, आणि म्हणूनच त्या आवाजाला कायद्याच्या भाषेतले नाव मिळाले. 1362 मध्ये न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत करावेत असा कायदा झाला, तरी हे शब्द आपल्या जागेवरून हलले नाहीत. ‘ऐका’ या अर्थाचे जुने फ्रेंच आज्ञार्थी रूप ‘ओयेझ’ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कामकाज सुरू होताना आजही तीनदा पुकारले जाते.

नॉर्मन कायद्यातली याहून विलक्षण आरोळी इंग्लिश खाडीतल्या जर्सी आणि गर्न्सी या बेटांवर टिकून आहे. आपल्या मालमत्तेवर कोणी अतिक्रमण करत असेल, तर तक्रारदार साक्षीदारांसमोर गुडघे टेकून ‘आरो! आरो! आरो!’ असे ओरडतो आणि आपल्यावर अन्याय होत असल्याचे सांगून राजाला मदतीची हाक देतो. त्यानंतर न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत समोरच्याला काम थांबवावे लागते. या ‘आरो’त नॉर्मंडीचा पहिला सत्ताधीश रोलो याचे नाव दडले आहे, अशी लोकसमजूत आहे, भाषातज्ज्ञ मात्र त्याचा संबंध जुन्या जर्मनिक शब्दाशी लावतात. अशीच कथा ‘क्रिए’चीही आहे. तो शब्द लॅटिन ‘क्विरितारे’पासून आला आणि रोमन लेखक वारो याने त्याचा अर्थ ‘क्विरितेसना, म्हणजे रोमच्या नागरिकांना, मदतीसाठी हाक मारणे’ असा लावला. हीही व्युत्पत्ती आज शंकास्पद मानली जाते. पण दोन वेगळ्या काळांतल्या माणसांना आरोळीच्या शब्दात न्यायाची याचनाच ऐकू यावी, हे मला व्युत्पत्तीच्या खरेखोटेपणापेक्षा महत्त्वाचे वाटते.

‘क्राय’ला रडण्याचा अर्थ पुढे, सोळाव्या शतकाच्या सुमारास, स्थिरावला आणि ‘वीप’ हळूहळू ग्रंथांपुरता उरला. फ्रेंच ‘क्रिए’ मात्र ओरडण्यापाशीच थांबला. फ्रेंचमध्ये रडण्यासाठी ‘प्लरे’ आहे, आणि गंमत अशी की त्याचे लॅटिन मूळ ‘प्लोरारे’ हेच मुळात मोठ्याने आक्रोश करण्याचे होते. म्हणजे एका भाषेत आरोळीचे रडणे झाले आणि दुसरीत आक्रोशाचे आसू झाले. हंबरडा किंवा लांडग्याचे ओरडणे यासाठी फ्रेंचमध्ये ‘ऊर्ले’ आहे. ते लॅटिन ‘उलुलारे’चे वंशज असून इंग्रजी ‘हाउल’शी अर्थाने जवळचे आहे.

हसण्याकडे वळले की चित्र पालटते. ‘गिगल’ (खिदळणे), ‘टिटर’ (दबके हसणे), ‘चकल’ (गालातल्या गालात हसणे), ‘स्निकर’ (कुत्सितपणे दबके हसणे) हे शब्द सोळाव्या-सतराव्या शतकांत लेखनात दिसू लागतात, तर ‘गफॉ’ (खदाखदा हसणे) अठराव्या शतकात स्कॉट लोकांकडून येतो. हे सारे ध्वनीवरून घडलेले देशी शब्द आहेत आणि प्रत्येकात हसण्याची वेगळी जात आहे. 1871 मध्ये इंग्रज लेखक लुईस कॅरलने ‘चॉर्टल’ (खुशीत हसणे) हा शब्द घडवला, तोही याच परंपरेत बसला. फ्रेंच किंवा लॅटिन वाटेने आलेले ‘रिडिक्यूल’ (थट्टा), ‘डिराइड’ (उपहास करणे), ‘रिझिबल’ (हास्यास्पद) हे शब्द इंग्रजीत आहेत खरे. पण ते हसण्यावरचा अभिप्राय सांगतात, हसण्याचा आवाज त्यांतल्या एकातही नाही.

फ्रेंचची रीत निराळी आहे. तिथे ‘रीर’ या एका क्रियापदाभोवती बरेच काही उभे राहते. खो-खो हसण्यासाठी ‘एक्लाते द रीर’ म्हणतात, म्हणजे हसण्याने फुटणे, आणि आवरता न येणाऱ्या हसण्याला ‘फू रीर’, म्हणजे वेडे हसू. ‘गफॉ’साठी ‘ग्रो रीर’, म्हणजे जाडेभरडे हसू, असे विशेषण लावूनच काम भागवावे लागते. स्वतंत्र क्रियापदेही आहेत: दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सकडून आलेले ‘सेस्क्लाफे’ पुन्हा फुटण्याचेच आहे, कुत्सित हसण्याचे ‘रिकाने’ जुन्या काळी गाढवाच्या ओरडण्यासाठी होते आणि ‘ग्लुसे’ कोंबडीच्या कुककुकण्यावरून आले. इंग्रजी ‘चकल’चा आणि ‘कॅकल’चाही कोंबडीशीच संबंध आहे, त्यामुळे इथे तरी दोन्ही भाषांचे कान एकाच अंगणात लागलेले दिसतात.

देवघेव सर्वस्वी एकतर्फी नव्हती. कोल्ह्याच्या शिकारीतली ‘टॅलीहो’ ही हाक फ्रेंच शिकाऱ्यांच्या ‘तायो’वरून आली असे मानतात, उलट, जयघोषाचा ‘हुर्रा’ फ्रेंचांनी इंग्रजीकडून घेतला आणि ‘उरा’ म्हणून आपलासा केला.