सोलो खेळ : ऑनलाइन भूमिकाखेळात एकट्याने प्रवेश

सोलो खेळ : हजारो खेळाडू एकाच वेळी वावरत असलेल्या ऑनलाइन भूमिकाखेळात (एमएमओआरपीजी) ओळखीच्या सोबतीशिवाय, गिल्डचे (खेळाडूंच्या कायमच्या संघाचे) सभासद न होता आणि शक्यतो पार्टी (कामगिरीपुरता जमवलेला छोटा गट) न करता खेळण्याची पद्धत. खेळाडूंच्या बोलीत तिला नुसते ‘सोलो’ म्हणतात. अशा खेळात शिरण्यापूर्वी बहुतेकांना पडणारा पहिला प्रश्न सोबतीचाच असतो : मित्रांपैकी कोणी हा खेळ खेळत नाही, तर आपण एकट्याने सुरू करावा का? खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, तो जास्त टोकदार होतो. मोबाइलवरील गोळीबाराच्या खेळाला चौघांचा स्क्वाड गल्लीतच जमतो, पण संगणकावरचा मोठा भूमिकाखेळ खेळणारा दुसरा कोणी कॉलेजात किंवा तालुक्याच्या गावी सापडेलच असे नाही. ‘एकलाच खेयस का भो?’ या प्रश्नात कुतूहल असते तशी थोडी कीवही असते. प्रस्तुत नोंदीत सोलो खेळाची घडण आणि हा निर्णय घेताना विचारात घ्यायच्या गोष्टी दिल्या आहेत.

या खेळप्रकाराचा उगम सोबतीतच आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा 1974 मध्ये प्रसिद्ध झालेला खेळ टेबलाभोवती बसलेल्या मंडळींसाठी होता. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 पासून घडवलेल्या ‘मड’ या निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या खेळाने अनेकांना एकाच काल्पनिक जगात आणले. 1999 मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये तर बहुतेक पात्रांना एका मर्यादेपुढे एकट्याने जाणे जवळजवळ अशक्य होते : मेल्यावर अनुभवाचे कमावलेले गुण वजा होत, अंगावरचे सामान मृतदेहापाशीच राही आणि ते आणायला पुन्हा त्याच धोक्याच्या जागी जावे लागे. सोबतीची ही गरज कामाच्या वाटणीतून येते. शत्रूचे वार अंगावर घेणारा टँक, जखमा भरणारा हीलर आणि शत्रूचे नुकसान करणारे डीपीएस अशा तीन भूमिका ठरलेल्या असतात आणि त्यांपैकी एक गैरहजर राहिली की बाकीच्यांचेही अडते. थंडीच्या दिवसांत जळगावकडे शेतात होणारी भरीत पार्टी ज्याने पाहिली आहे, त्याला ही रचना वेगळी समजावून द्यावी लागत नाही. कोणी कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजतो, कोणी ती सोलून लाकडी बडगीत ठेचतो, कोणी पातीचा कांदा चिरतो आणि कळण्याच्या पुऱ्या घरून आणणारा कोणी वेगळाच असतो. असे भरीत एकट्याने करता येते, पण त्याला पार्टी म्हणत नाहीत.

नोव्हेंबर 2004 मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने हे चित्र बदलले. त्यात सुरुवातीपासून वरच्या लेव्हलपर्यंतचा प्रवास क्वेस्ट, म्हणजे ठरवून दिलेल्या कामगिऱ्या, करत एकट्याने पार पाडता येई. पार्टीची गरज मुख्यतः डन्जन (छोट्या गटाने उतरायचे शत्रूंचे ठाणे) आणि रेड (मोठ्या गटाने लढायची अवघड मोहीम) यांसाठी उरली. या खेळातील वर्तनाचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास करून निकोलस ड्यूशनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की खेळाडूंचा बराचसा वेळ इतरांबरोबर खेळण्यापेक्षा इतरांच्या सान्निध्यात एकट्याने खेळण्यात जातो. बाकीचे लोक त्यांना प्रेक्षक म्हणून, पार्श्वभूमी म्हणून आणि आसपासची गजबज म्हणून हवे असतात. सोलो खेळाच्या आकलनाला हा निष्कर्ष सर्वांत उपयोगी आहे, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत एकटा गेलेला माणूस घोडे पाहत हिंडतो, भावाची घासाघीस कान देऊन ऐकतो, एखाद्या पालावर चहा-भजी खातो आणि कोणाशी दहा वाक्येही न बोलता तृप्त होऊन परततो. त्याला कोणी एकाकी समजत नाही. तीच यात्रा रिकामी असती, तर तो गेलाच नसता. ऑनलाइन जगात एकट्याने खेळणारा याच जातीचा असतो, आणि म्हणूनच ‘एकट्यानेच खेळायचे तर ऑफलाइन खेळ का नाही?’ हा नेहमी ऐकू येणारा आक्षेप त्याला लागू पडत नाही.

अलीकडे खेळ घडवणाऱ्यांनीच ही गरज ओळखली आहे. ‘फायनल फँटसी चौदा’ने 2019 मध्ये ट्रस्ट ही सोय आणली, तिच्यामुळे डन्जनमध्ये माणसांऐवजी कथेतील पात्रे सोबत घेता येतात, 2022 पासून ती सोय मूळ कथेतील जुन्या डन्जनसाठीही मिळू लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये 2024 च्या आरंभी संगणकाने चालवलेल्या चार साथीदारांसह डन्जन खेळता येऊ लागले आणि त्याच वर्षी एक ते पाच जणांसाठीचे छोटे ‘डेल्व्ह’ आले. 2020 चा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ तर मुळात एकट्याचाच खेळ आहे. दुसऱ्यांबरोबर खेळण्याची सोय खेळाडूची पातळी 16 झाल्यावरच उघडते. याहून निराळा मार्ग 2012 मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स दोन’चा आहे. तिथे मैदानात एखादी घटना सुरू झाली, की जवळ असलेला कोणीही न विचारता तिच्यात सामील होतो, हातभार लावणाऱ्या प्रत्येकाला आपापले बक्षीस मिळते, आणि काम संपले की सगळे पांगतात. निमंत्रण नाही, निरोप नाही. बुजऱ्या स्वभावाच्या नवख्या माणसासाठी याहून सोपी सुरुवात सांगणे कठीण आहे.

सोलो ही नेहमी सोबत न मिळाल्याची तडजोडच असते, असेही नाही. ‘रुनस्केप’मध्ये काही खेळाडूंनी दुसऱ्याकडून काहीही विकत न घेण्याची, सगळे स्वतः मिळवण्याची अट स्वतःवर घालून घेतली होती; 2014 मध्ये खेळानेच ‘आयर्नमॅन’ या नावाने तिला अधिकृत रूप दिले. भाकर, तलवार आणि तलवारीचे लोखंडही ज्याचे त्याने कमवायचे.

मात्र सोलो खेळाला एक भिंत असते आणि ती कुठे आहे हे आधीच पाहून ठेवणे हा निर्णयाचा गाभा आहे. कथा, भटकंती, हस्तव्यवसाय, मासेमारी, बाजारातील खरेदी-विक्री हे सगळे बहुतेक खेळांत एकट्याला खुले असते. पण सर्वांत अवघड रेड नसतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील मिथिक रेडला बरोबर 20 जण लागतात, ‘फायनल फँटसी चौदा’च्या पूर्ण पार्टीला 8, ‘गिल्ड वॉर्स दोन’च्या रेडला 10. ज्याला ही शिखरे गाठायची आहेत, त्याने एकट्याने सुरुवात करायला हरकत नाही, परंतु पुढे सोबत शोधावीच लागेल हे गृहीत धरून करावी. ज्याला कथा अनुभवायची आहे किंवा नवा मुलूख पायाखाली घालायचा आहे, त्याच्या वाटेत ही भिंत क्वचितच येते. बार्टल यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करणारे. यांतल्या दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूला सोलो उत्तम मानवतो. तिसऱ्या प्रकारचा माणूस मात्र महिनाभरात कंटाळतो आणि दोष खेळाला देतो.

खानदेशातून खेळताना यात काही स्थानिक कारणांची भर पडते आणि ती बहुतेक सोलोच्या बाजूने झुकतात. पहिले कारण घड्याळाचे. युरोपच्या सर्व्हरवरील गिल्ड साधारणपणे तिथल्या रात्री 8 ला रेड सुरू करतात; मध्य युरोपातील हिवाळ्यात तेव्हा भारतात मध्यरात्रीनंतरचे 12.30 वाजलेले असतात, उन्हाळ्यात 11.30. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील रात्रीचे 8 म्हणजे आपल्याकडे ऋतुमानानुसार पहाटेचे 5.30 किंवा 6.30. सकाळी कॉलेजची बस पकडणाऱ्या किंवा भुसावळला रेल्वेच्या पाळीवर जाणाऱ्या माणसाला आठवड्यातून तीन रात्री असे जागणे झेपत नाही, आणि झेपवूही नये. दुसरे कारण पिंगचे, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचे. युरोपचा सर्व्हर फ्रँकफुर्टला आहे असे धरले, तर मुंबईपासूनचे सरळ अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सगळे आदर्श असले तरी संदेशाच्या जाण्यायेण्यात 65 मिलिसेकंद जातातच, आणि केबलच्या वळणावाटांमुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक जातात. एकट्याने क्वेस्ट करताना हा लॅग, म्हणजे उशीर, सुसह्य असतो. ‘फायनल फँटसी चौदा’त दोन मुख्य चालींमध्ये मुळातच अडीच सेकंदांचे अंतर असल्यामुळे तो आणखी कमी जाचतो. पार्टीत मात्र उशिरा पडलेले एक पाऊल सगळ्यांना महागात पडू शकते.

तिसरे कारण विजेचे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना लाइट गेली, की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. पडद्यावरचे जग काही क्षण तसेच दिसत राहते, मंडळी जागच्या जागी धावताना दिसतात, मग संपर्क तुटल्याचा संदेश येतो. हीलर असलेला खेळाडू असा नाहीसा झाला, तर उरलेले खेळाडू टँकच्या कमी होत जाणाऱ्या आयुष्याच्या पट्टीकडे पाहत राहतात. त्यांना पंखा थांबल्याचे कळायला मार्ग नसतो आणि पुन्हा जोडल्यावर क्षमा मागण्यासाठी ती माणसे तिथे नसतात. सोलो खेळणाऱ्याचे अशा वेळी फार तर पात्र मरते आणि जवळच्या ठिकाणी पुन्हा उभे राहते. हा दिलासा छोटा वाटतो, पण ज्याला वारंवार असे तुटावे लागते त्याच्या मनावरचा मोठा भार तो उतरवतो. याच दिवसांत तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो. दुपारऐवजी रात्री उशिरा किंवा पहाटे खेळणे यंत्रालाही मानवते. मोबाइलच्या नेटवर अवलंबून असणाऱ्याने डाउनलोडचाही हिशेब करावा : खेळ 100 जीबीचा असेल आणि रोजचा डेटा दीड जीबी असेल, तर नुसता उतरवायलाच 67 दिवस लागतील.

भाषेचा मुद्दा याहून नाजूक आहे. खेळातील चॅट बहुधा इंग्रजीत चालते, तेही अर्धवट संक्षेपांच्या इंग्रजीत, आणि घरी अहिराणी, तावडी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला घाईघाईने तसे टाइप करायचा संकोच वाटतो. सोलो खेळात तो क्वेस्टचा मजकूर आपल्या गतीने, लागल्यास शब्द शोधत वाचू शकतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण असते. गिल्डमध्ये व्हॉइस चॅटचा आग्रह होतो आणि आवाज ऐकताच वागणूक बदलते, म्हणून त्यांपैकी अनेकजणी जाणूनबुजून सोलो निवडतात. ती त्यांची निवड आहे आणि तिचा मान राखला गेला पाहिजे.

सोलो सुरुवात ठरलीच, तर पात्राचा वर्ग (क्लास, म्हणजे त्याच्या लढण्याचा प्रकार) विचारपूर्वक घ्यावा. ज्यांच्याबरोबर पाळीव प्राणी किंवा बोलावलेले सहायक असतात, ते वर्ग एकट्याला सोयीचे ठरतात, कारण शत्रूचे वार झेलण्याचे काम तो प्राणी करतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधील हंटर आणि वॉरलॉक, ‘गिल्ड वॉर्स दोन’मधील नेक्रोमन्सर ही याची परिचित उदाहरणे आहेत.

खर्चाच्या बाबतीत घाई करू नये. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ लेव्हल 20 पर्यंत विनामूल्य खेळता येतो आणि ‘गिल्ड वॉर्स दोन’चा मूळ भाग 2015 पासून फुकट आहे. ‘फायनल फँटसी चौदा’ची चाचणी आवृत्ती लेव्हल 70 पर्यंत कालमर्यादेविना चालते. या चाचणी खात्याला गिल्डमध्ये जाता येत नाही आणि बाजारात व्यवहारही करता येत नाही, म्हणजे सोलो राहणे तिथे जवळजवळ नियमच आहे. आपल्याला एकट्याने करमते का, हे तपासायला त्याहून चांगली जागा नाही. सोडतीसारख्या पद्धतीने पात्रे विकणाऱ्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारख्या खेळांत मात्र जपून राहावे. एकट्या खेळाडूला टोकणारे कोणी शेजारी नसते आणि छोट्या छोट्या रकमा नकळत साठतात. घरच्यांच्या मनात हे खेळ आणि पैसे लावून खेळायचे रमीसारखे ॲप एकाच माळेत असतात, म्हणून कायद्यातील फरकही माहीत असावा : 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे खेळ प्रतिबंधित केले आहेत, पण ज्यात पैज किंवा पणाला लावलेली रक्कम नाही आणि केवळ वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेतले जाते, असे खेळ त्यात वेगळे धरलेले आहेत.

शेवटचा विचार वेळेचा. गिल्डमध्ये न जाणाऱ्याला हजेरीचे बंधन नसते. परीक्षेचा महिना, कापूस वेचणी, केळीची काढणी, घरातले लग्न यांपैकी कशासाठीही तो खेळ बाजूला ठेवू शकतो. पण ऑनलाइन जग ऑफलाइन खेळासारखे थांबून राहत नाही. आपण नसताना बाजारभाव बदलतात, सणांचे कार्यक्रम होऊन जातात, नवे प्रदेश उघडतात. ‘फायनल फँटसी चौदा’त तर खेळाडूने कष्टाने घेतलेल्या स्वतंत्र घरात तो सलग 45 दिवस फिरकला नाही, तर ते घर पाडून जागा दुसऱ्यासाठी मोकळी केली जाते, आणि त्याच्या वतीने दार उघडून आत पाऊल टाकणारे दुसरे कोणी नसते.