होमबिल्ट विमानातले इशाऱ्याचे दिवे : पार्श्वभूमी

घरी बांधलेल्या विमानांच्या पहिल्या पिढीला इशाऱ्याच्या दिव्यांची फारशी गरजच नव्हती. इंजिन मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी पुरवणाऱ्या यंत्रावर, चालायचे, पंखा हाताने फिरवून सुरू व्हायचे आणि पॅनेलवर विजेवर चालणारे फारसे काही नसायचे. 1960 च्या दशकात छोट्या विमानांतला डायनामो गेला आणि अल्टरनेटर आला, तोही पुष्कळदा मोटारीच्याच घराण्यातला. त्याच्या पाठोपाठ मोटारीच्या डॅशबोर्डवरचा लाल चार्जिंग लाइट होमबिल्टच्या पॅनेलवर येऊन बसला. चार्जिंग बिघडल्याचा इशारा कोणत्या दिव्याने, किती व्होल्टला आणि कोणत्या रंगात द्यावा, यावर आज वाद होतात. तो घोळ इथूनच सुरू होतो.

मोटारीतला हा दिवा बॅटरी आणि अल्टरनेटरचे एक टोक यांच्यामध्ये जोडलेला असतो. दोन्हीकडचे व्होल्टेज सारखे झाले की तो विझतो. म्हणजे अल्टरनेटरच्या पोटात वीज तयार होते आहे, एवढीच त्याची ग्वाही. ती बसबारपर्यंत, म्हणजे जिथून सगळ्या उपकरणांना वीज वाटली जाते त्या पट्टीपर्यंत, पोचते का, हे तो सांगत नाही. कंपनाने आउटपुटची जाड वायर नटपाशी तुटली आणि सगळा भार एकट्या बॅटरीवर आला, तरी हा दिवा विझलेलाच राहू शकतो. शिवाय रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारे सर्किट) आतच असलेल्या बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा फील्ड करंट, म्हणजे वीजनिर्मिती सुरू करायला लागणारा चुंबकाचा प्रवाह, याच बल्बमधून मिळतो. बल्ब गेला की इशाराही गेला आणि कधीकधी चार्जिंगही. पुढे हौशी मंडळींनी बल्ब काढून तिथे एलईडी लावले, तेव्हा हेच नव्याने समोर आले. एलईडीच्या जेमतेम 20 मिलिअँपिअरवर अल्टरनेटर उठेना, मग समांतर रेझिस्टर जोडायची पाळी आली.

कारखान्यात बनणाऱ्या विमानांचे तरी सगळे सरळ होते असे नाही. 1970 च्या दशकातल्या काही लोकप्रिय प्रशिक्षण विमानांत ‘हाय व्होल्टेज’ लिहिलेला लाल दिवा असे. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की संरक्षक सर्किट अल्टरनेटर तोडायचे आणि मग दिवा लागायचा. वैमानिक ‘हाय व्होल्टेज’ वाचत असायचा, तेव्हा बसबारचे व्होल्टेज उतरणीला लागलेले असायचे! अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तुटण्यासारखे बिघाड ओळखायचे काम ॲमीटरच्या काट्यावर सोडलेले होते, आणि गडबडीत त्या काट्याकडे कोण बघतो? दशकाच्या अखेरीस त्याच विमानांत ‘लो व्होल्टेज’ दिवा आला. उशिरा का होईना, मोजायची गोष्ट बदलली.

होमबिल्टमध्ये याच धाग्यावरून बसबारचे व्होल्टेज मोजणारा स्वतंत्र दिवा रुजला. 14 व्होल्टच्या यंत्रणेत चालू अल्टरनेटर बसबारला 13.8 ते 14.4 व्होल्टवर धरून ठेवतो. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी भाराखाली एकटी असेल, तर 12.8 च्या वर टिकत नाही. मधल्या मोकळ्या पट्टीत 13.0 ही रेघ आखली गेली. त्याखाली गेले की दिवा उघडझाप करतो, बिघाड पट्ट्याचा असो, रेग्युलेटरचा असो की वायरचा. इंजिन सुरू करण्याआधी मास्टर स्विच टाकला की तो लागलाच पाहिजे, त्यामुळे दिव्याची तपासणीही आपोआप होते.

तक्रार एकच : टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान हळू चालवताना, इंजिन मंद असते, लँडिंग लाइट चालू असतात आणि दिवा उगाच मिचमिचतो. त्याला कंटाळून काही जण रेघ 12.5 वर आणतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट. 17 अँपिअर-तासांची नवी बॅटरी 8 अँपिअरचा भार कागदावर दोन तास ओढते, प्रत्यक्षात त्याहून कमी. 12.5 ला दिवा लागेपर्यंत त्यातला काही वेळ नकळत खर्च झालेला असतो. सर्किटमध्ये काही सेकंदांचा विलंब टाकला तर मिचमिच थांबते आणि 13.0 ची रेघही राहते.

रंगाचा वाद वेगळा. अमेरिकेतल्या प्रमाणित छोट्या विमानांच्या जुन्या नियमांत लाल म्हणजे ताबडतोब कृती, अंबर (पिवळसर नारिंगी) म्हणजे पुढे कृती लागू शकते आणि हिरवा म्हणजे सुरक्षित, अशी वाटणी होती. होमबिल्टला ती बंधनकारक नाही, पण सवय तिथलीच. मॅग्नेटोच्या इंजिनात अल्टरनेटर गेला तरी पंखा फिरत राहतो, म्हणून अंबर पुरे, असे एक मत. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि विजेवर चालणारे फ्युएल पंप आल्यावर हे मत लंगडे पडले. तिथे बॅटरी संपणे म्हणजे इंजिन थांबणे. अशा विमानात लालच हवा. बाकीच्यांनी अंबर ठेवला तर हरकत नसावी, एरवी कशालाही लाल लावायची हौस मात्र आवरावी.

बल्बवर विसंबण्याची किंमत 1972 च्या डिसेंबरात दिसली. नोज गियरच्या (विमानाच्या पुढच्या चाकाच्या) दिव्यातले बल्ब गेले होते. कॉकपिटमधले सगळे त्यात गुंतले, ऑटोपायलटने उंची सोडल्याचे ध्यानात आले नाही आणि मोठे प्रवासी विमान फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये कोसळले. दिसणारा प्रकाश देणारा लाल एलईडी त्याआधी दहा वर्षे, 1962 मध्ये, तयार झालेला होता, पण उन्हात दिसेल इतका तेजस्वी व्हायला बराच काळ गेला. तो आला तो स्वतःच्या खोडी घेऊन. दिवा चालवणाऱ्या सेन्सरमधून बंद असतानाही गळणाऱ्या 0.2 मिलिअँपिअरवरही तो रात्री अंधुक पेटतो, बल्ब तसे करत नाही. एलईडीला समांतर 1 किलोओहमचा रेझिस्टर लावला की ती गळती तिथून जाते, त्यावर 0.2 व्होल्टच पडतात आणि एलईडी काळा राहतो.

आता स्क्रीनवाल्या पॅनेलमध्ये लो व्होल्टेजचा अलार्म आयताच मिळतो, मग वेगळा दिवा कशाला, असे विचारले जाते. पण त्या अलार्मची मर्यादा बांधणाऱ्यानेच मेनूत भरायची असते आणि ती पुष्कळदा तशीच राहून जाते. शिवाय स्क्रीन त्याच बसबारवर चालते. एक कम्पॅरेटर (दोन व्होल्टेज ताडून पाहणारी चिप), एक झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड), चार रेझिस्टर आणि स्वतःचा फ्यूज एवढ्यात तो दिवा होतो, म्हणून बरेच जण अजूनही त्याच्यासाठी पॅनेलमध्ये एक भोक पाडतात.