परीक्षकाची फिरकी : दक्षिणेच्या रमण्यापासून ठणठणपाळापर्यंत

साहित्य पुरस्कारांची आणि परीक्षकांची टिंगल हा मराठीत नवा उद्योग नाही. त्याची मुळे शोधत गेले की आपण पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याशी पोचतो. पेशवाईत श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. निवडक विद्वानांची शास्त्रीमंडळी परीक्षा घेत, बाकीच्यांना रमण्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या मोकळ्या आवारात, सरसकट दान. कोकणातून घाट चढून येणारेही त्या गर्दीत असत. राज्य गेले तरी दक्षिणा गेली नाही. इंग्रजांनी ती चालू ठेवली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिचा काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्याकडे वळवला. त्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली गेली.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले. भोळ्या कुणबी जोडप्याला जोशीबुवा कसा लुबाडतो, हा विषय. नाटक नापसंत झाले. पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) फुल्यांनी लिहून ठेवले की कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही. कोणाला काय वाटले यापेक्षा कमिटीत कोणाचे वजन चालते, हे त्यांनी नेमके पकडले. पुरस्कारांवरच्या मराठी उपहासाची सुरुवात मी इथूनच धरतो, जरी फुल्यांचा सूर हसण्याचा नसून संतापाचा असला तरी.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये साहित्य अकादमी आली. पुढच्याच वर्षी मराठीतला तिचा पहिला पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना मिळाला. सिंधुदुर्गाच्या वाट्यालाही या मानांतले बरेच आले : मंगेश पाडगावकरांना १९८० मध्ये अकादमी, विंदा करंदीकरांना २००३ चे ज्ञानपीठ. वेंगुर्ल्याच्या चिं. त्र्यं. खानोलकरांना, म्हणजे आरती प्रभूंना, अकादमी मिळाली १९७८ मध्ये. ते १९७६ सालीच गेले होते. बैल गेला नि झोपा केला, असे तेव्हा कोणी म्हटले असेल तर चुकले नाही.

पुरस्कारांची गर्दी होऊ लागली, तेव्हा त्यांची फिरकी घेणारा माणूसही त्याच वेंगुर्ले तालुक्यातून निघाला. ग्रामदैवत वेतोबाला भल्यामोठ्या चपला वाहणाऱ्या आरवलीत जयवंत दळवी वाढले. मुंबईत अमेरिकन माहिती खात्याच्या नोकरीत इंग्रजी पुस्तकांचे मराठी अनुवाद करून घेण्याचे काम त्यांच्याकडे असे, त्यामुळे लेखक-प्रकाशकांचा व्यवहार त्यांनी आतून पाहिला. १९६४ साली ‘ललित’ मासिक निघाले आणि त्यात ‘ठणठणपाळ’ हे टोपणनाव घेऊन ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी ठणठणपाळाला चेहरा दिला. लेखकांचे मानपान, सत्कार, संमेलने, एकमेकांची पाठ खाजवणे, काहीच सुटले नाही. कोकणात ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव ठेवतात, पण जेवायची वेळ झाली की त्यालाच पानावर बसवतात. दळवींचा सूर तसा होता. म्हणून ज्यांची खिल्ली उडाली तेही आपले नाव यंदा आले की नाही, हे आधी बघत.

या लेखनाला कच्चा माल कधीच कमी पडला नाही. भर पावसात पुस्तकांचा खोका परीक्षकाच्या पडवीत येऊन पडतो. वरची चार पुस्तके तोवर दमट झालेली. शेजारी विचारतो, ‘‘गुरुजी, ही इतकी कधी वाचतलास?’’ गुरुजी मलपृष्ठे वाचतात, अर्पणपत्रिका त्याहून बारकाईने वाचतात, आणि गुणांचा तक्ता वेळेत पाठवतात. पुढे शाल आणि श्रीफळ. नारळ बहुधा सत्कारमूर्तीच्याच गावातला.

इंग्रजीत यावर अख्ख्या कादंबऱ्या आहेत. बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत २००६ साली येऊन हुकलेल्या एडवर्ड सेंट ऑबिन यांनी २०१४ मध्ये अशाच एका पारितोषिकावर ‘लॉस्ट फॉर वर्ड्स’ लिहिली. तीत चुकून पाठवलेले पाककृतींचे पुस्तक परीक्षकांना प्रयोगशील कादंबरी वाटते. त्या कादंबरीलाच मग विनोदी लेखनाचे वुडहाउस पारितोषिक मिळाले. मराठीत हे काम मुख्यतः सदरांनी केले. आपले साहित्यविश्व लहान आहे. आज ज्याच्यावर कादंबरी लिहाल, तो उद्या तुमच्या पुस्तकाचा परीक्षक असतो. चार पानांचे सदर आणि टोपणनाव, एवढी आडोशाची जागा बरी पडते.

कधी कधी उपहासकाराला करण्यासारखे काही उरतही नाही. ६ डिसेंबर २०२२ रोजी राज्य शासनाने वाङ्मय पुरस्कार जाहीर केले. त्यात माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगवास भोगलेल्या कोबाड गांधींच्या आत्मकथनाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला एक लाखाचा पुरस्कार होता. १२ तारखेला शासन निर्णय निघाला आणि तो रद्द झाला, सोबत निवड समितीही बरखास्त झाली. कारण दिले ‘प्रशासकीय’. त्यावर साहित्य संस्थांमधल्या काही सदस्यांनी राजीनामे दिले, आणि त्याच यादीतल्या शरद बाविस्कर आणि आनंद करंदीकर यांनी आपापले पुरस्कार नाकारले.