डिमेन्शिया: घरातलं जगणं आणि सांभाळणं

डिमेन्शिया हा एकच आजार नाही. मेंदूच्या पेशी खराब होत गेल्या की आठवण, भाषा, हिशोब, रस्ता ओळखणं, वागणं असं सगळंच हळूहळू ढासळतं, त्या अवस्थेचं हे नाव. पुस्तकी मराठी शब्द स्मृतिभ्रंश, पण घरात तो कोणी बोलत नाही, घरात 'म्हातारचळ लागलाय' नाहीतर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय संपवतात आणि डॉक्टरकडे जायला उशीर होतो तो तिथेच. 60 ते 70 टक्के केसेस अल्झायमरच्या असतात, त्याचं पहिलं वर्णन आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने 1906 मध्ये केलं. 2023 मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या जवळपास 88 लाख लोकांना, म्हणजे 7.4 टक्के, डिमेन्शिया आहे आणि प्रमाण बायकांमध्ये आणि खेड्यांत जास्त आहे.

विसरायला लागलं की प्रत्येक वेळी डिमेन्शियाच असतो असंही नाही. बी-12 कमी, थायरॉइड, डिप्रेशन, चुकीची औषधं यानेही माणूस तसाच दिसतो आणि हे बरं होऊ शकतं, म्हणून आधी रक्त तपासून घेतात. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध नाही, डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काहींना काही काळ फरक पडतो. बाकी सगळं घरावरच.

आणि घरात शिकायची सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे चूक दुरुस्त न करणं. स्वतःच्याच घरात बसून आजी म्हणते "मला घरी जायचंय", आपण सांगतो "अगं हेच घर तुझं", ती चिडते, आपण चिडतो, आणि पाच मिनिटांनी परत तेच. त्यापेक्षा "घरी कोण कोण आहे गं?" विचारलं की ती माहेरच्या विहिरीपासून सुरू होते आणि जायचं विसरते. गेलेल्या माणसाची चौकशी केली तर दर वेळी "ते वारले" सांगू नये, तिच्यासाठी ती बातमी दर वेळी नवीन असते. याला खोटं बोलणं म्हणणारे भेटतात, त्यांनी एक आठवडा सांभाळून बघावं!

तिन्हीसांजेला बेचैनी वाढते, म्हणून दिवे लवकर लावायचे, टीव्हीवरच्या भांडणाच्या सिरियल बंद. रात्री गॅसचा सिलेंडरकडचा कॉक बंद, बाथरूमची आतली कडी काढून टाकायची, दाराला वरच्या बाजूला कडी, खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी. कालचं जेवण आठवत नाही पण हरिपाठ, पाढे, जात्यावरच्या ओव्या खूप काळ टिकतात, आणि हातांची सवयही. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, वाती वळणं अशी कामं द्यावीत. वात वाकडी झाली तर होऊ दे, मागून गुपचूप सारखी करायचीही गरज नाही, त्यांना ते कळतं आणि अपमान वाटतो.

सांभाळणारं माणूस बहुतेक घरांत एकच, बायको, सून किंवा लग्न न झालेली मुलगी. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं बघतो तेव्हा बाबा एकदम व्यवस्थित बोलतात (पाहुण्यांसमोर थोडा वेळ सावरून घेणं कॉमन आहे), मग "तू उगाच वाढवून सांगतेस" हे ऐकायला लागतं. पैसे पाठवणं ही मदत आहेच, पण महिन्यातून चार रात्री दुसऱ्या कोणीतरी जागणं ही जास्त मोठी मदत. 1992 मध्ये केरळात सुरू झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया आणि मुंबईत डिग्निटी फाउंडेशन यांनी या कुटुंबांसाठी काम केलंय, डे केअर, म्हणजे दिवसभर सांभाळणारी केंद्रं, त्यातूनच आलं. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन 14567, कॉल फुकट आहे. तालुक्याच्या गावी मात्र डे केअर शोधून सापडत नाही, तिथे शेजारचं घर हेच डे केअर.

पैशाचं आधी बघायचं, हे सगळेच उशिरा करतात. मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून लोक निर्धास्त असतात, पण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे देणाऱ्याचं मन सुदृढ राहिलं नाही की तो अधिकार संपतो, म्हणजे नेमकं गरज पडते तेव्हाच कागद कुचकामी. मग पालक नेमायला कोर्टात जावं लागतं. म्हणून निदान झाल्या झाल्या, समजतंय तोवर, मृत्युपत्र डॉक्टरच्या सर्टिफिकेटसकट करून घ्यावं, बँक खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो चालवू शकेल असं) करावं, आणि पुढे कुठे राहायचं, गिळता येईनासं झालं तर खाण्यासाठी नळी घालायची का नाही हे त्यांनाच विचारून घ्यावं. पहिल्या काही महिन्यांत उत्तरं मिळतात, स्पष्ट मिळतात.