अंगावरनं वारं गेल्यावरचा पाय

आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात लकव्याला अजून बरेच जण 'अंगावरनं वारं गेलं' असंच म्हणतात, कन्नडमध्ये 'पार्श्ववायू', म्हणजे दोन्हीकडं वारा आहेच. आयुर्वेदात पक्षाघात वाताच्या विकारांत धरलाय, तिथनं आलंय ते. बिघाड मेंदूतल्या रक्तवाहिनीत असतो हे स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेप्फर या डॉक्टरनं 1658 मध्ये मेलेल्या पेशंटांचे मेंदू तपासून दाखवलं. पण कारण कळलं म्हणून पाय हलायला लागला असं काय झालं नाही, पुढची पावणेतीनशे वर्षं इलाज म्हणजे खाट.

थोरल्या मामांना वारं गेलं तेव्हा येईल तो सांगायचा, मामा पडून राहा, ताण घेऊ नका, पारव्याचं रक्त चोळा. पारव्याचं सोडा, पण 'पडून राहा' हा काय गावठी अडाणीपणा नव्हता बघा, एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांचंच ते मत होतं. मेंदूच्या पेशींचा अभ्यास करून नोबेल मिळवलेला स्पेनचा रामोन इ काहाल, त्यानंच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं की मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या वाटा पक्क्या झालेल्या असतात, तिथं सगळं मरू शकतं, नवं काय उगवत नाही. मग गेलेल्या बाजूवर मेहनत कशाला, चांगला पाय दणकट करा, काठी द्या, पायाला आधाराचा कॅलिपर बांधा, झालं.

हे मोडलं ते बेर्टा बोबाथनं. बर्लिनची ज्यू बाई, जिम्नॅस्टिक्स शिकवणारी, हिटलरच्या काळात पळून लंडनला आली आणि तिथं 1940 च्या दशकात एका लकवा झालेल्या चित्रकारावर काम करताना तिला दिसलं की आखडलेला हातपाय नीट हाताळला, अंगाची ठेवण बदलली की ताठरपणा उतरतो. तिचा नवरा कारेल डॉक्टर, त्यानं त्याला मेंदूशास्त्राची जोड दिली. गेलेल्याच बाजूकडं बघा, हा त्यांचा हट्ट.

त्याच सुमाराला अमेरिकेत सिग्ने ब्रुनस्ट्रॉम ही स्वीडनची बाई नेमकं उलटं म्हणत होती. मामांच्या फाइलवर 'ब्रुनस्ट्रॉम 3' लिहिलेलं होतं, आम्हाला वाटलं गोळीचं नाव. तिनं बघितलं की पाय एका क्रमानं परत येतो, आधी लुळा, मग ताठ, मग सगळे सांधे एका दमात एकत्रच हलतात, आणि शेवटी एकेक सांधा सुटा. तिनं याच्या 6 पायऱ्या केल्या. लकवेवाला गुडघा न वाकवता, पाऊल खाली-आत वळवून, पाय बाजूनं गोल फिरवून टाकतो ना, तो मधल्या पायऱ्यांवर अडकलेला असतो. बोबाथ म्हणायची ही ठेवण दाबा, ब्रुनस्ट्रॉम म्हणायची सुरुवातीला तीच वापरून घ्या. 1970 मध्ये तिचं पुस्तक आलं आणि आजही आपले फिजिओ दोघींचं थोडं थोडं घेतातच.

काहालचं म्हणणं पुसलं जायला मात्र एका बापलेकाची गोष्ट लई उपयोगी पडली. पेद्रो बाख-ई-रीटा, न्यूयॉर्कला राहणारा कॅटलान कवी, 1950 च्या दशकाच्या शेवटी त्याला लकवा झाला. त्याच्या एका पोरानं, जॉर्जनं, त्याला लहान मुलासारखं आधी रांगायला लावलं, मग भिंतीला धरून उभं राहायला. म्हातारा चालायला लागला, परत शिकवायलाही गेला, आणि शेवटी डोंगर चढताना हार्टअटॅकनं गेला. डोकं तपासलं तर मेंदूचं नुकसान तसंच्या तसं होतं. दुसरा मुलगा पॉल डॉक्टर, त्यानं आयुष्यभर हाच विषय धरला.

1982 मध्ये सिडनीच्या जॅनेट कार आणि रॉबर्टा शेपर्ड यांनी सरळ सांगितलं, स्नायू सुटे सुटे हलवत बसू नका, जे काम परत करायचंय तेच शंभरदा करा. त्यांच्याकडं ते काम म्हणजे खुर्चीवरनं उठणं. आमच्याकडं उंबरा ओलांडणं, जमिनीवर मांडी घालून उठणं आणि बसची पहिली पायरी, जी लकव्याच्या माणसाला डोंगरच. हे फिजिओला आपणहून सांगायला लागतं, नायतर तो खुर्चीच करून घेतो.

मग मशीनचा काळ आला. पट्ट्यानं अंग उचलून धरायचं आणि ट्रेडमिलवर चालवायचं, कल्पना आधी मांजरांवरच्या प्रयोगांतनं आली होती. अमेरिकेत 408 पेशंटांवर अभ्यास झाला, निकाल 2011 ला, आणि घरी येऊन फिजिओनं करून घेतलेला ताकदीचा-तोलाचा व्यायाम मशीनच्या तोडीचा निघाला! जाहिरात बघून शेत विकायला निघालेल्यांना हे सांगा की. 2015 मध्ये दुसराही धक्का, 2104 पेशंटांवर बघितलं की पहिल्या 24 तासांत लगेच, सारखं सारखं उठवून चालवणं उलट अंगाशी येतं. म्हणजे खाटेला चिकटणं चूक आणि पहिल्याच दिवशी ओढाताण पण चूक.

आपल्या देशातला मोठा अभ्यास 2017 चा, 14 हॉस्पिटलं, 1250 पेशंट, घरच्यांनाच व्यायाम शिकवून पाठवलं. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारापेक्षा फरक दिसला नाही. वाचून वाईट वाटलं खरं, पण मला वाटतं एकदा शिकवून सोडणं आणि नेमानं येऊन दुरुस्त करणं यात फरक आहे, आणि आमच्याकडं पर्याय तरी कुठं होता, खानापुराहून बेळगावला आठवड्यातनं दोनदाच जमायचं, मधले पाच दिवस मामीच फिजिओ, उंबऱ्याशी उभी राहून मोजायची, 'उचला, गुडघा वाकवा, परत.'