सुशी की किंबाप? शाकाहारी माणसाने काय विचारायचं

वर्ध्याकडच्या सेलू-आर्वीतून शनिवारी संध्याकाळी चार दोस्त नागपूरला सुशी खायला निघाले, तर आता कोणी नवल करत नाही. मेनूकार्डावर मात्र सुशीच्या शेजारीच किंबाप असतो आणि दिसायला दोन्ही सारखेच: काळ्या समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात, मधे रंगीत सारण, गोल चकत्या. ‘एकच तं आहे बे दोन्ही,’ म्हणत कोणीतरी हाताला येईल ते मागवतो. शाकाहारी माणसाने तसं करू नये.

खरा फरक भातात आहे. सुशी जपानची. तिचा आखूड दाण्याचा चिकट भात गरम असतानाच त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवतात, म्हणून तो आंबटगोड लागतो. या आंबटपणाचं मूळ जुनं आहे. पूर्वी मासा टिकवायला मीठ लावून भातात दाबून ठेवत. भात आंबला की मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. पुढे भाताला व्हिनेगर लावू लागले आणि तोच मुख्य झाला. ‘सुशी म्हणजे कच्चा मासा’ हा आपल्याकडचा समज त्यामुळे चुकीचा आहे. मासा नसला तरी ती सुशीच.

किंबाप कोरियाचा. त्याच्या भाताला तिळाचं तेल आणि मीठ, वरच्या शेवाळालाही तेलाचा हात. चकती उचलली की बोटं चकाकतात आणि भाजलेल्या तिळाचा वास आधी येतो. गोळाभातावर फोडणीचं तेल ओतून जेवणारे आपण. आपल्या जिभेला किंबापच लवकर रुचेल, असं मला ठामपणे वाटतं.

पण चौकशीही त्याचीच जास्त करावी लागते. नेहमीच्या किंबापात गाजर, पालक, मुळ्याचं पिवळं लोणचं यांच्या जोडीला अंड्याची पट्टी आणि हॅम, म्हणजे डुकराचं मांस, असतं. कधी पांढरी, कडेला केशरी अशी एक पट्टी असते. ती पनीरसारखी दिसली तरी माशाच्या लगद्याची असते. तेव्हा ‘हॅम नको’ एवढं सांगून भागत नाही. आत काय काय आहे ते एकेक विचारा.

सुशीत सोपी वाट आहे: कप्पामाकी. भात, शेवाळ आणि काकडी, बस्स. कान्प्योमाकीत वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या असतात, पण त्या बरेचदा माशाच्या पाण्यात शिजवतात. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपचंही तेच. मेयोनीजमध्ये अंडं असू शकतं, आणि वर पेरलेले केशरी बारीक दाणे ही माशाची अंडी. सुरी-पाट वेगळा आहे का, हेही विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सुशी सोया सॉस, वसाबी (झणझणीत हिरवी चटणी) आणि आल्याच्या लोणच्यासोबत तिथेच खावी. शेवाळ लवकर मऊ पडतं. किंबाप कोरियात सहलीच्या डब्यात नेतात, त्याला सॉस लागत नाही. परतीच्या गाडीसाठी पार्सल घ्यायचं तर तोच घ्या, पण थंडीच्या दिवसांत. मे महिन्यात नको.